‘कट्’ वाजलं म्हणजे गुडघा जागेवर बसला?

गुडघा दुखतो म्हणून कायरोप्रॅक्टरने (हातांनी सांधे ओढून-दाबून उपचार करणाऱ्याने) किंवा हाडवैद्याने पाय ओढला, ‘कट्’ असा आवाज आला आणि बरं वाटलं, की ‘सरकलेलं हाड बसलं’ असं सर्रास म्हणतात. पण अशा दुखण्यात हाड सहसा सरकलेलंच नसतं. गुडघ्याची वाटी खरोखर निखळते तेव्हा ती बाजूला गेलेली डोळ्यांना दिसते आणि पाय टेकवत नाही.

मग वाजतं काय? सांधा ताणला की आतल्या वंगणाचा दाब एकदम घटतो आणि त्यात वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये बोटांच्या सांध्यांच्या एमआरआय चित्रणात ही पोकळी नेमकी आवाजाच्या क्षणी दिसली. हा वायू पुन्हा वंगणात विरघळायला वेळ लागतो, म्हणून तोच सांधा पुन्हा वाजायला साधारण २० मिनिटं लागतात.

आराम मात्र खरा असतो. आखडलेले स्नायू सैलावतात, वेदना काही काळ दबते. मांडीच्या मालिशीचंही तेच. झिजलेली कूर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण) त्याने भरून येत नाही. म्हणून तो आराम टिकतोय तेवढ्यात व्यायाम उरकावा: पाय पसरून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली दाबून ५ सेकंद धरा, असं १० वेळा. श्वास रोखू नका.

गुडघा अडकून सरळच होत नसेल तर आतली गादी फाटलेली असू शकते. ओढाओढ करू देऊ नका. पोटरी सुजून गरम लागत असेल तर मालीश अजिबात नको. शिरेत गुठळी असू शकते, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.