डिझेल पिकअपमधील चार्जिंग यंत्रणा व तिचे दोषनिदान

इंजिन चालू असताना बॅटरीतून खर्च झालेली वीज भरून काढणारी आणि दिवे, भोंगा, वायपर यांना वीज पुरविणारी यंत्रणा. ऑल्टरनेटर (इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून वीज तयार करणारे जनित्र), रेग्युलेटर (त्याचे व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग), बॅटरी, पट्टा, डॅशबोर्डवरील लाल दिवा, तारा आणि अर्थिंग (प्रवाह चासिसमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी जोडणी) हे तिचे भाग होत. प्रस्तुत नोंदीत यांत्रिक इंधनपंप असलेल्या, म्हणजे कॉमन रेल (संगणकाने नियंत्रित इंधन फवारणीची) पद्धती येण्यापूर्वीच्या पिकअप गाड्यांचा विचार केला आहे. १९८८ साली आलेली टाटामोबाइल, टाटा २०७ ची आरंभीची मॉडेले आणि महिंद्राच्या जुन्या पिकअप ही भारतातील परिचित उदाहरणे.

मोटारगाडीत जनित्र केव्हा रूढ झाले याविषयी एकमत नाही. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांनी बसविलेल्या यंत्राचा उल्लेख सामान्यतः केला जातो; ते इंजिन सुरूही करी आणि नंतर बॅटरीही भरी. केवळ दिव्यांसाठीची जनित्रे मात्र त्याआधीही काही गाड्यांवर होती. पुढे कॉम्युटेटर (प्रवाहाची दिशा एकच ठेवणारा फिरता भाग) असलेला एकदिश प्रवाहाचा डायनामो कित्येक दशके टिकला. ऑल्टरनेटरच्या आगमनाचे श्रेय बहुधा क्रायस्लरच्या १९६० च्या व्हॅलियंट गाडीला देतात. लीस-नेव्हिल या अमेरिकी कंपनीचे ऑल्टरनेटर १९४० नंतरच्या दशकात पोलीस गाड्या व बसगाड्यांवर होते, हे लक्षात घेता ‘पहिला’ हा शब्द जपून वापरावा लागतो. त्या यंत्रांना सेलेनियमचे अवजड रेक्टिफायर (उलटसुलट वाहणारा प्रवाह एकदिश करणारे भाग) बाहेरून जोडावे लागत. ऑल्टरनेटर स्वस्त, आटोपशीर आणि सर्वसामान्य गाडीला परवडणारा झाला तो हेच काम करणाऱ्या लहानशा सिलिकॉन डायोडमुळे. म्हणून सार्वत्रिक वापराचा आरंभ १९६० च्या सुमारास मानणे अधिक सयुक्तिक ठरते. भारतात हा बदल सावकाश झाला. गॅरेजमध्ये ऑल्टरनेटरला अजूनही डायनामोच म्हणतात.

डिझेल गाडीतील दोषाचे वैशिष्ट्य असे, की तो लवकर उघड होत नाही. पेट्रोल इंजिनाला ठिणगीसाठी सतत वीज लागते. यांत्रिक पंपाचे डिझेल इंजिन एकदा सुरू झाले, की विजेवाचून चालते. फार तर पंपावरील स्टॉप सोलेनॉइडला (इंधन सोडणाऱ्या-रोखणाऱ्या विद्युत झडपेला) थोडा प्रवाह लागतो आणि ओढायच्या केबलने बंद होणाऱ्या गाडीत तोही नाही. त्यामुळे ऑल्टरनेटर निकामी होऊनही गाडी दिवसभर खेपा करते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ फिरत नाही. डिझेलचे दाबगुणोत्तर जास्त असल्याने सेल्फला शेकडो अँपिअर लागतात. अर्धवट उतरलेली बॅटरी दिवे लावते, पण इंजिन फिरवू शकत नाही. दोष मग बॅटरीच्या किंवा सेल्फच्या माथी येतो आणि कित्येकदा नवी बॅटरी विनाकारण घेतली जाते. म्हणून निदानाचा पहिला प्रश्न बॅटरी भरली जाते की नाही, हाच असला पाहिजे.

काही तास उभ्या असलेल्या गाडीच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट मिळतात; १२.२ च्या आसपास ती निम्मी उतरलेली समजावी. हायड्रोमीटरने बॅटरीच्या प्रत्येक घरातील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व (घनता) पाहणे याहून खात्रीचे. एकच घर बाकीच्यांपेक्षा बरेच खाली असेल, तर बॅटरीच खराब. इंजिन चालू केल्यावर व्होल्टेज १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यावे. ते वाढलेच नाही तर चार्जिंग नाही. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर व्होल्टेज आवरत नसतो, बॅटरीतले पाणी वारंवार आटते आणि बल्ब उडतात.

लाल दिवा केवळ सूचक नसतो. बहुतेक जुन्या रचनांत ऑल्टरनेटरला जागे करण्याचे काम त्याच्यामार्फत होते. चावी फिरवली की बॅटरीचा प्रवाह या दोन-तीन वॅटच्या बल्बमधून ऑल्टरनेटरच्या ‘डी प्लस’ टर्मिनलवर, तेथून कार्बन ब्रशमार्फत (फिरत्या भागाला टेकणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांतून) रोटरमध्ये, म्हणजे ऑल्टरनेटरच्या फिरत्या भागात, आणि रेग्युलेटरमधून अर्थला जातो. रोटर चुंबकित होतो. इंजिन चालू झाल्यावर तीन लहान डायोड याच टर्मिनलला ऑल्टरनेटरची स्वतःची वीज देतात, बल्बच्या दोन्ही टोकांना सारखे व्होल्टेज येते आणि तो विझतो. यावरून बरेच कळते. चावी फिरवूनही दिवा लागला नाही, तर बल्ब उडालेला, तार तुटलेली किंवा कार्बन ब्रश झिजलेले. अशा वेळी डी प्लसची तार काढून इंजिनाच्या अंगाला टेकवावी. दिवा लागला तर तार व बल्ब ठीक आणि दोष ऑल्टरनेटरच्या आत. चालू गाडीत दिवा मंद तेवत राहिला, तर डायोड किंवा जाड तारेच्या जोडाचा संशय घ्यावा. बल्बच्या जागी एलईडी बसविल्यास पुरेसा प्रवाह जात नाही. गाडी रेस केल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही, असा दोष त्यातून उद्भवतो. चावी चालू असताना ऑल्टरनेटरच्या मागच्या बेअरिंगजवळ स्क्रूड्रायव्हर धरावा. तो ओढला गेला तर रोटरला प्रवाह मिळतो आहे.

ठिणगी नसल्यामुळे अनेक डिझेल गाड्यांचा आरपीएम काटा ऑल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ (फिरण्याच्या वेगाचे संकेत देणाऱ्या) टर्मिनलवरून चालतो. काटा पडला आणि दिवाही लागला, तर पट्टा किंवा ऑल्टरनेटर. काटा चालतो पण बॅटरी भरत नाही, तर वीज तयार होत आहे. पुढची तार, फ्यूज व जोड तपासावेत.

ब्रेक बूस्टरचा (ब्रेकचे पेडल हलके करणाऱ्या भागाचा) व्हॅक्यूम पंप पुष्कळदा ऑल्टरनेटरच्याच पाठीवर असतो. त्याचे ऑइल सील गेले, की तेल कार्बन ब्रशवर व ते ज्यांना टेकतात त्या स्लिप रिंगवर येते. सील न बदलता नुसते कार्बन घातले, तर तोच दोष परत येतो. पट्टा तुटल्यास व्हॅक्यूमही जातो आणि ब्रेकचे पेडल कडक होते. अशी गाडी, विशेषतः भरलेली, ‘घरापर्यंत’ म्हणूनसुद्धा चालवू नये.

तारांची परीक्षा हेडलाइट लावून, इंजिन रेसवर ठेवून करतात. ऑल्टरनेटरचा मुख्य बोल्ट आणि बॅटरीचे पॉझिटिव्ह यांत ०.३ व्होल्टपेक्षा, तर ऑल्टरनेटरचे अंग आणि निगेटिव्ह यांत ०.२ पेक्षा जास्त फरक नसावा. मासळी वाहणाऱ्या पिकअपमध्ये बर्फाचे खारे पाणी चासिसवर गळून अर्थिंगची पट्टी आतून सडते. वरून ती शाबूत दिसते.

चालू इंजिनात बॅटरीची लग (टर्मिनलवरील तारेची पकड) काढून ‘डायनामो’ तपासण्याची जुनी पद्धत अनेक कारागीर अजून वापरतात. ऑल्टरनेटरमध्ये त्यामुळे व्होल्टेज एकदम उसळून डायोड व रेग्युलेटर जळू शकतात. ही चाचणी टाळावी.

अमेरिकी डिझेल पिकअपमध्ये सामान्यतः दोन बॅटऱ्या समांतर जोडलेल्या असतात. एक खराब झाली तर ती दुसरीलाही उतरवते, म्हणून दोन्ही सोडवून वेगळ्या तपासाव्यात. १९८९ पासूनच्या कमिन्स इंजिनाच्या डॉजमध्ये थंडीत इनटेक हीटर (इंजिनात जाणारी हवा तापविणारा) चालू-बंद होताना व्होल्टमीटरचा काटा खाली-वर होतो. तो दोष नव्हे. या गाड्यांत रेग्युलेटर इंजिनाच्या संगणकातच असतो. तो भाग गेल्यास संगणक न बदलता बाहेरून जुन्या पद्धतीचा स्वतंत्र रेग्युलेटर जोडतात.