चेनसॉची दोरी ओढत राहणे हा उपाय नव्हे
कित्येक महिने पडून राहिलेला चेनसॉ (लाकूड कापणारी पेट्रोलवरची साखळी-करवत) सुरू होईपर्यंत चोक (हवा कमी करून इंधनाचे प्रमाण वाढवणारी झडप) लावून दोरी ओढत राहावे, हा जुना समज चुकीचा आहे. साठवणीत पेट्रोलमधील हलके घटक उडून जातात आणि उरलेला चिकट थर कार्ब्युरेटरची (हवा आणि इंधन मिसळणाऱ्या भागाची) बारीक छिद्रे बुजवतो. त्यामुळे मूळ दोष बहुधा इंधनात असतो, आपल्या जोरात नव्हे. इंजिनाने पहिला ठोका दिल्यावरही चोक तसाच ठेवल्यास सिलिंडरमध्ये जादा इंधन साचून स्पार्क प्लग भिजतो, आणि चांगला प्लग विनाकारण बदलला जातो.

आधी जुने इंधन काढून उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात, अनेक यंत्रांसाठी 50:1 (50 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल), टू-स्ट्रोक ऑइल मिसळलेले ताजे पेट्रोल भरावे. प्लग ओला असल्यास तो काढून पुसावा. एवढ्यानेही यंत्र चालले नाही, तर कार्ब्युरेटर उघडून साफ करावा लागतो.