टपावरील क्रॉसबार

टपावरील क्रॉसबार : मोटारगाडीच्या टपावर आडव्या बसवलेल्या दोन समांतर दांड्या. सायकल, कायाक (वल्ह्याची अरुंद होडी), पॅडलबोर्ड (उभ्याने वल्हवायची फळी), प्रस्तरारोहणाचे क्रॅशपॅड (पडणाऱ्याला झेलणाऱ्या जाड गाद्या), सामानपेटी अशा बाहेरच्या भटकंतीच्या वस्तू त्यांवर बांधून नेतात. मुंबईत ‘कॅरिअर’ म्हटले की टपावरची पाइपांची चौकटही त्यात येते आणि सायकल धरणारी पकडही. प्रस्तुत नोंद केवळ खाजगी गाडीवरील क्रॉसबार आणि त्यांची निवड यांपुरती आहे. गाडीच्या लांबीला समांतर असलेल्या रूफ रेल म्हणजे क्रॉसबार नव्हेत. त्या असतील तर क्रॉसबारचे पाय, म्हणजे दांडी टपाला जोडणारे आधार, त्यांना धरतात, इतकाच त्यांचा संबंध.

सुटा, काढता-घालता येणारा क्रॉसबार आणल्याचे श्रेय सहसा स्वीडनमधील थुले या कंपनीला दिले जाते. ही कंपनी १९४२ मध्ये मासेमारीची साधने विकत सुरू झाली आणि साधारणपणे १९६०च्या दशकाच्या आरंभी स्की वाहून नेणाऱ्या टपावरील साधनांकडे वळली. अमेरिकेतील याकिमा ही कंपनी १९७०च्या दशकातली. तिच्या गोल दांड्यांना कायाक व सायकल बाळगणाऱ्यांत मागणी होती. तथापि टपाच्या कडेच्या पन्हळीला लोखंडी पाय अडकवून त्यांवर लाकडी दांड्या टाकण्याची रीत या उत्पादनांपूर्वीची असावी. कंपन्यांनी ती प्रमाणित केली, असे म्हणणे अधिक सुरक्षित ठरेल.

मुंबईपुरता या साधनाचा पूर्वज टॅक्सीच्या टपावर सापडतो. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फियाट व पुढे पद्मिनी गाड्यांच्या टपाला दोन्ही कडांनी पन्हळ होती. काळ्या-पिवळ्या टॅक्सीवरची चौकट या पन्हळीला पकडून बसे आणि दादर किंवा बोरीबंदरला उतरलेल्या कुटुंबाच्या ट्रंका, वळकट्या तीवर चढत. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच २०२३ मध्ये तिच्यासोबत ही पन्हळीवरची चौकटही रस्त्यावरून मागे पडली. चौकट आणि क्रॉसबार यांत फरक आहे तो असा : चौकट सामानाला कुंपण घालते, तर क्रॉसबार त्यावर बसणाऱ्या दुसऱ्या साधनाला केवळ पाया पुरवतो. म्हणून सायकलसाठी चौकट गैरसोयीची, तर चार सुटकेससाठी नुसते क्रॉसबार निरुपयोगी.

निवडीचा खरा प्रश्न दांडीचा नसून टपाच्या पकडीचा आहे. दुकानात मात्र संभाषण दांडीच्या रंगापासून सुरू होते. पन्हळ असलेले टप आज थोडे उरले आहेत. जिप्सी, ओम्नी आणि बोलेरो यांना ती होती; २०२३ मध्ये आलेल्या जिम्नीने ती पुन्हा आणली. पन्हळीची पकड सर्वांत सोपी आणि भक्कम. टपापासून उंच उठलेल्या रेलभोवती पाय गुंडाळून आवळता येतात, टपाला चिकटून असलेल्या रेलसाठी तिच्या काठाला धरणारे निराळे पाय लागतात. काही गाड्यांत टपाच्या पट्टीखाली आटे पाडलेली भोके झाकलेली असतात. तिथे पाय बोल्टने बसतात आणि जागा निर्मात्यानेच ठरवलेली असते. राहिला तो उघडा टप, म्हणजे बहुतेक हॅचबॅक आणि सेडान. यांत दाराच्या वरच्या चौकटीत आकडा अडकवून पाय खाली ओढतात. हा आकडा प्रत्येक मॉडेलच्या वळणाप्रमाणे वेगळा असतो, म्हणून ‘सगळ्या गाड्यांना बसतो’ असे म्हणून विकला जाणारा संच शंकास्पद मानावा. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांच्या रूफ रेल केवळ शोभेच्या असतात. क्लिप किंवा चिकटपट्टीवर बसलेल्या या रेल ओझे घेत नाहीत. गाडीच्या मालक-पुस्तिकेत टपाचा भार दिलेला नसेल किंवा रेलवर काही बांधू नये असे लिहिले असेल, तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरील दुकानदाराने दिलेली हमी कामाची नाही.

भाराची मर्यादा तीन ठिकाणी लिहिलेली असते : गाडीच्या पुस्तिकेत, क्रॉसबारवर आणि त्यावर चढणाऱ्या साधनावर. तिन्हींतील सर्वांत लहान आकडा लागू होतो. लहान व मध्यम गाड्यांत तो बहुधा ५० ते ७५ किलोग्रॅमच्या दरम्यान आढळतो. त्यात क्रॉसबारचे स्वतःचे वजनही धरायचे असते, आणि नेमके हेच विसरले जाते. उदाहरणार्थ, मर्यादा ५० किलोग्रॅम असताना दांड्या ५, सायकलच्या दोन पकडी मिळून ८ आणि दोन माउंटन बाइक २८ धरल्या तर बेरीज ४१ होते. तिसरी सायकल आली की हिशेब कोलमडतो. सामानपेटी रिकामीच १५ ते २० किलोग्रॅम भरते. मर्यादेचा हा आकडा चालत्या गाडीचा असतो. घाटातल्या वळणावर आणि ब्रेक लावताना हेच वजन आडवे ओढ घेते आणि गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो.

दोन दांड्यांतील अंतर जितके अधिक तितके लांब वस्तूसाठी चांगले; सर्वसाधारणपणे ६० ते ७० सेंटिमीटर हे किमान समजतात. रेलवाल्या गाडीत ते हवे तसे ठेवता येते, पण उघड्या टपाच्या सेडानमध्ये दारांच्या जागेने ते बांधलेले असते, त्यामुळे लांब कायाक अशा गाडीवर नाखुशीनेच न्यावी. कायाकचे किंवा पॅडलबोर्डचे पुढचे टोक दोरीने बॉनेटखालच्या हुकाला बांधणे ऐच्छिक नाही. वारा बोर्डाखाली शिरून त्याला उचलतो आणि ती सगळी ओढ पुढच्या दांडीच्या पायांवर येते. कायाकला रॅचेटचा (दात्यांच्या चक्राने आवळत जाणारा) पट्टा वापरू नये, तो प्लास्टिक चेपतो. साधा बकलचा पट्टा पुरेसा. त्याला एक पीळ दिला की फडफड थांबते.

दांडीच्या आकाराबद्दल मतभेद आहेत. चौकोनी पोलादी दांडी स्वस्त आणि ताठ असते, गोल दांडीवर पकड हवी तशी फिरवता येते, तर चपट्या, पंखासारख्या ॲल्युमिनियमच्या दांडीला वरच्या बाजूस खाच असून तीत सामानाचे बोल्ट सरकवता येतात. चालत्या गाडीवर दांडी वाऱ्याने गुणगुणते. या आवाजाचे शास्त्र जुने आहे. वाऱ्यात धरलेली तार का गुणगुणते याचा अभ्यास चेक भौतिकीज्ञ व्हिन्सेन्झ स्ट्रोहल यांनी १८७८ मध्ये केला. दांडीमागे आलटून पालटून भोवरे सुटतात. त्यांची वारंवारता सुमारे ०.२ गुणिले वेग भागिले व्यास इतकी येते. २८ मिलिमीटरच्या गोल दांडीला ताशी ८० किलोमीटर वेगात हे गणित १६० हर्ट्झच्या आसपास येते, ताशी १०० किलोमीटरला २०० हर्ट्झच्या जवळ. टपाचा पत्रा त्याला साथ देऊ लागला की गाडीत बोलणे अवघड होते. दांडीभोवती दोरीचे तिरपे वेटोळे दिल्यास भोवरे एका तालात सुटत नाहीत. कारखान्यांच्या उंच धुराड्यांवरील सर्पिल पट्ट्या याच तत्त्वावर असतात. चपटी दांडी मुळातच कमी भोवरे सोडते, त्यामुळे रोज गाडी चालवणाऱ्याला ती महाग पडली तरी इष्ट वाटते. दांड्या वर्षभर काढायच्याच नसतील तर इंधनाचाही विचार येतो. लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये अमेरिकेतील हलक्या वाहनांच्या एकूण इंधनवापराचा सुमारे ०.०८ टक्का हिस्सा टपावरील साधनांमुळे जातो असा अंदाज मांडला. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ८० वरून १०० किलोमीटरवर गेल्यास तो दीडपटीहून थोडा अधिक होतो. म्हणजे अंधेरी–दादर रखडपट्टीत फारसे बिघडत नाही, पण द्रुतगती मार्गावर किंवा आडवा वारा लागणाऱ्या अटल सेतूवर फरक जाणवतो.

कायद्याच्या बाजूने स्थिती संदिग्ध आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे वाहनात असा बदल करता येत नाही की ज्यामुळे नोंदणीतील तपशील निर्मात्याने दिलेल्या तपशिलापासून वेगळे ठरतील. ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कडकपणे वाचले. त्यावरून क्रॉसबारही बेकायदा, असा एक अर्थ लावला जातो. मात्र याच कलमाच्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यांत फरक पाडणारा रचनेतील बदल असे म्हटले आहे. पान्याने काढता येणारी दांडी, विशेषतः निर्मात्याच्याच अधिकृत सुट्या साधनांच्या यादीतली, या व्याख्येत बसत नाही, हा अर्थ अधिक सयुक्तिक दिसतो. बाहेर डोकावणाऱ्या सामानाचे प्रकरण वेगळे. कलम १९४ (१अ) नुसार परवानगीपलीकडे बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला गेलेल्या भारासाठी २०,००० रुपये दंड आणि सामान उतरवण्याचा खर्च आहे. मागील दारावर टांगायचे सायकलचे कॅरिअर नंबरप्लेट व दिवे झाकते. टपावरची सायकल निदान या कटकटीतून सुटते.

मुंबईत उंची मोजूनच गाडी काढावी. टपावर उभी बांधलेली सायकल गाडीची उंची सुमारे एक मीटरने वाढवते आणि सोसायटीचे तळघर, मॉलमधील लोंबती पट्टी किंवा यांत्रिक पार्किंगचा पाळणा हे विसरलेल्या चालकाची वाट पाहत असतात. पाळण्यात तर नुसते क्रॉसबारही अडतात. गाडीला सनरूफ असेल तर दांडीखाली तो बाहेर सरकतो की आत, हे आधी पाहावे. डिकीचे दार उघडताना लांब सामानाला लागते का, हेही.

दुसरी अडचण समुद्राची. खारी हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस यांत पोलादी चौकोनी दांडीवरील प्लास्टिकचे आवरण आतून पाणी धरते आणि गंज बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. ॲल्युमिनियमच्या दांडीत साध्या लोखंडी बोल्टमुळे जोडाच्या जागी विद्युत-रासायनिक झीज होते. स्टेनलेस बोल्टनेही ती पूर्ण थांबत नाही, म्हणून आट्यांना ग्रीस लावतात. पायाखालच्या रबराखाली वाळू राहिली तर टपाचा रंग घासला जातो. अलिबाग वा नागावच्या फेरीनंतर दांड्या गोड्या पाण्याने धुऊन बोल्ट पुन्हा आवळण्याचा प्रघात कायाकवाले पाळतात. बेलापूरच्या खडकांवर क्रॅशपॅड नेणाऱ्यांना त्याची तितकी गरज पडत नाही, कारण पॅड हलके असतात आणि वाराच त्यांचा मुख्य शत्रू असतो.

टपावरील तंबू पवना धरणाच्या काठी अलीकडे दिसू लागले आहेत. गाडी उभी असताना टप चालत्या गाडीपेक्षा कितीतरी अधिक भार पेलतो, त्यामुळे आत दोन माणसे झोपू शकतात. पण तंबूचे मिटलेले वजन बहुधा ५० किलोग्रॅमच्या घरात किंवा वर असते आणि तिथवर जाताना चालत्या भाराचीच मर्यादा लागू होते. उघड्या टपाच्या बहुतेक हॅचबॅक याच टप्प्यावर बाद होतात.