रानवनस्पती, देशी व परकीय : विदर्भातील संरक्षित वनांत त्यांची ओळख

विदर्भातील अभयारण्ये, राष्ट्रीय उद्याने व व्याघ्रप्रकल्प यांच्या हद्दीत आपोआप उगवणाऱ्या वनस्पतींपैकी इथल्या मूळच्या कोणत्या व बाहेरून आलेल्या कोणत्या हे ठरविण्याची रीत आणि तीमागील वाद यांचा विचार या नोंदीत केला आहे. पिके व बागेतील शोभेची झाडे यांत धरलेली नाहीत. मात्र लागवडीतून निसटून रानात स्थिरावलेली सीताफळासारखी झाडे धरली आहेत.

‘देशी’ या शब्दाला काळाची सीमा लागते. अमेरिका खंडातून आलेल्या वनस्पतींपुरती ती सोपी आहे : पंधराव्या शतकाच्या अखेरीस सागरी मार्ग खुले झाले, त्यानंतर आलेली ती परकीय. आफ्रिका व पश्चिम आशियातून त्याआधी आलेल्या झाडांना हे माप लावता येत नाही. चिंच मूळची आफ्रिकेतील मानली जाते, पण ती इतकी जुनी रहिवासी आहे की अरबांनी तिला ‘हिंदी खजूर’ म्हटले आणि स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयसने शास्त्रीय नावात ‘इंडिका’ घातले. रानात चिंचेचा जुना वृक्ष दिसला तर तिथे कधीकाळी वस्ती होती असे समजण्याचा प्रघात आहे व तो बहुधा बरोबर ठरतो. अशा जुन्या आगंतुकांना या नोंदीत परकीय म्हटलेले नाही.

जुन्या नोंदींवरून निष्कर्ष काढताना एक गोष्ट विसरली जाते. महाराष्ट्रातील वनस्पतींसाठी ज्याचा आधार नेहमी घेतला जातो तो थिओडोर कुक यांचा ग्रंथ (१९०१–०८) मुंबई इलाख्याचा आहे. विदर्भ तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडात होता. त्यामुळे ‘कुक यांच्याकडे नोंद नाही, म्हणून ही वनस्पती नंतर आली’ हा युक्तिवाद विदर्भाला लागू पडत नाही. राज्याच्या आजच्या सीमांनुसार भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने केलेले संकलन १९९६ पासूनचे आहे. दरम्यानच्या काळातील पुरावा विखुरलेला आहे, आणि पुढील अनेक विधाने त्यामुळेच जपून केली आहेत.

वृक्षांबाबत फारसा प्रश्न उद्भवत नाही. साग, ऐन, बीजा, धावडा, तिवस, मोह, तेंदू, चारोळी, सालई, रोहन, लेंडिया, कळम, हळदू, पळस हे सारे देशी असून तेंदूपाने व मोहफुले गोळा करणारे त्यांना सालीवरून, पानगळीच्या दिवसांतही ओळखतात. खरी अडचण झुडपांची व पावसाळी रोपांची आहे.

नावे मदत करतात, तशी फसवतातही. ‘विलायती’ हे विशेषण बहुतेक वेळा खरे सांगते : विलायती चिंच, विलायती बाभूळ. ‘रान’ किंवा ‘जंगली’ हे मात्र काहीच सांगत नाही. रानतुळस या नावाने विदर्भात जी वनस्पती माळामाळावर कंबरभर वाढते ती उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील आहे. शास्त्रीय नाव हिप्टिस सुआविओलेन्स. नाव ‘रान’ असल्यामुळे ती आपल्या तुळशीचीच रानटी बहीण समजली जाते. दोघींचे कूळ एक, दोघींचे खोड चौकोनी, दोघींच्या पानांना वास; एवढ्यावर निवाडा होत नाही. भिजवल्यावर बुळबुळीत होणारे बी ही खूणही कामाची नाही, कारण सब्जाचे बीही तसेच फुगते. पाहावा तो फुलामागचा हिरवा पेला. तुळशीच्या पेल्याची वरची पाकळी रुंद, गोलसर व बाकीच्यांपेक्षा वेगळी असते. रानतुळशीच्या पेल्याला दहा उभ्या शिरा असतात व काठावर सुईसारखे पाच दात सारखेच उभे राहतात. वाळलेल्या झुडपातून गेल्यावर हेच दात कपड्यांत रुततात. भिंगाशिवाय, तळहातावर घेऊन दिसणारी ही खूण एकदा पाहिली की पुन्हा चूक होत नाही.

घाणेरी, जिला विदर्भात रायमुनिया म्हणतात, ओळखायला सोपी आहे : खरखरीत पान, चौकोनी खोडावर वाकडे काटे, एकाच गुच्छात पिवळी आणि गुलाबी फुले. ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली गेली असे सर्वसाधारणपणे मानले जाते. फळे पक्षी खातात व बी दूरवर जाते. नुसती कापल्यास बुंध्यातून पुन्हा फुटते.

गाजरगवताच्या आगमनाबाबत प्रचलित समज तपासून घेण्याजोगा आहे. अमेरिकेच्या पी. एल. ४८० या अन्नधान्य-मदत कायद्याखालील करारानुसार आलेल्या गव्हाबरोबर ते आले, असे शाळेपासून सांगितले जाते. हा कायदा अमेरिकेत १९५४ साली झाला व भारताशी त्याखालील पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. ही वनस्पती पुण्यात १९५५ च्या सुमारास दिसली व १९५६ मध्ये भारतासाठी नवी म्हणून प्रसिद्ध झाली. म्हणजे तारखा जुळत नाहीत. अमेरिकी गहू त्याआधी, १९५१ च्या कर्जाखालीही आला होता, त्यामुळे धान्यातून बी आले हे मत पूर्णपणे टाकून देता येत नाही. दुसरीकडे, रॉक्सबर्ग यांच्या कोलकाता उद्यानाच्या १८१४ मधील यादीत या वनस्पतीचे नाव आढळते. या दोहोंचा मेळ असा घालता येतो की वनस्पती पूर्वी येऊन गेली असावी, पण तिचा पसारा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील नव्या आयातीमुळे झाला असावा. संरक्षित वनांत ती रस्त्याच्या कडा, जुनी गावठाणे व तपासणी नाक्यांच्या आसपास अधिक दिसते. दाट सावलीत कमी.

सर्वांत बिकट प्रश्न तरोट्याचा आहे. मृगाच्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत गावाच्या कडेला हिरवा गालिचा पसरतो तो याचाच. कोवळ्या पानांची भाजी विदर्भात घरोघर होते. उर्वरित महाराष्ट्रात याला टाकळा म्हणतात. जून झालेल्या झाडाला गुरे व हरणे सहसा तोंड लावत नाहीत. त्यामुळे उठलेल्या गावांच्या जागी, उदा., मेळघाटातील बोरी, कोहा व कुंड यांसारख्या ठिकाणी, चराईची गवते वाढवायची तर तरोटा उपटावा लागतो. तो उपटताना आपण परकीय तण काढतो की देशी, याचे उत्तर सरळ नाही.

तरोटा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन जाती लिनीयसने १७५३ मध्ये वेगळ्या लिहिल्या : कॅसिया टोरा व कॅसिया ऑब्टुसिफोलिया. आज दोन्ही सेना या प्रजातीत (जातींच्या गटात) आहेत. टोराचे वर्णन सतराव्या शतकात हर्मन यांनी श्रीलंकेत जमविलेल्या नमुन्यांवर आधारलेले असून ‘टोरा’ हा शब्दही सिंहली नावावरून घेतलेला दिसतो. ऑब्टुसिफोलिया अमेरिकेची. एकोणिसाव्या शतकात बेंथम यांच्यासारख्या अभ्यासकांनी दोहोंना एकच मानले. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ती पुन्हा वेगळी करण्यात आली. त्यामुळे मधल्या काळातील भारतीय नोंदींत ‘टोरा’ असे लिहिलेले असेल तर नेमकी कोणती जात, हे नमुना पाहिल्याशिवाय कळत नाही.

मूलस्थानाबद्दल तीन मते आहेत. टोरा आशियातीलच, हे पहिले. दोन्ही अमेरिकेतून आल्या, हे दुसरे. टोरा ही ऑब्टुसिफोलियापासून आशियात वेगळी झालेली जात, हे तिसरे. तिसऱ्या मतात मूळ जात आशियात कधी व कशी पोहोचली हा प्रश्न उरतोच. संस्कृत वैद्यकाचा पुरावा येथे महत्त्वाचा ठरतो. चरकसंहितेत त्वचारोगावरील लेपांत ‘एडगज’ येतो आणि पुढील निघंटूंत (औषधी वनस्पतींच्या कोशांत) एडगज, चक्रमर्द, प्रपुन्नाट, दद्रुघ्न हे पर्याय एकत्र दिलेले आढळतात. दद्रू म्हणजे गजकर्ण, आणि तरोट्याचे बी वाटून गजकर्णावर लावण्याचा उपचार खेड्यांत चालत आलेला आहे. चरकाचा एडगज म्हणजेच आजचा तरोटा, हे समीकरण निघंटूंवर उभे असल्याने त्यास निर्णायक म्हणता येणार नाही. तरीही नाव, उपयोग व श्रीलंकेतील जुना नमुना ही तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. टोरा दक्षिण आशियात जुनी व ऑब्टुसिफोलिया नवी, हे मत अधिक सयुक्तिक दिसते.

म्हणूनच प्रत्यक्ष रानात या दोहोंतील फरक ओळखणे आवश्यक आहे. तरोट्याच्या पानाला पर्णिकांच्या (संयुक्त पानातील लहान पानांच्या) तीन जोड्या असतात. पान हातात धरून देठाकडील जोड्यांच्या मधोमध पाहावे : तिथे खुंटीसारखी, नारिंगी छटेची बारीक ग्रंथी उभी असते. टोरात खालच्या दोन्ही जोड्यांमध्ये एकेक, म्हणजे दोन. ऑब्टुसिफोलियात बहुधा सर्वांत खालच्या जोडीत एकच. टोराच्या शेंगेचे देठ आखूड, सेंटिमीटरभराच्या आत. दुसरीचे दोन सेंटिमीटरांहून लांब. बियांवरचा फिका पट्टा टोरात रुंद असतो, दुसरीत अगदी बारीक रेघेसारखा. ग्रंथी कधीकधी गळून पडतात, तेव्हा शेंगेच्या देठावर भिस्त ठेवावी. संध्याकाळी पर्णिका मिटतात, म्हणून हे काम सकाळी करणे बरे.

सीताफळाचा वाद याच धर्तीचा, पण उलट बाजूला झुकणारा आहे. सीता व राम यांच्या नावांमुळे सीताफळ व रामफळ प्राचीन समजली जातात. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी भरहुतच्या (मध्य प्रदेशातील प्राचीन स्तूपाच्या) शिल्पांतील खवलेदार फळ सीताफळच आहे असे प्रतिपादन केले होते. द कांदोल व बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते अमान्य केले. ही प्रजाती मुख्यतः अमेरिकेत केंद्रित आहे, आणि शिल्पातील फळ दुसरेही असू शकते. उत्तर प्रदेशातील टोकवा येथील उत्खननात मिळालेल्या जळक्या बियांच्या आधारे २००९ मध्ये हा प्रश्न पुन्हा मांडण्यात आला. मूलस्थान अमेरिका याविषयी शंका घेण्यास त्याने पुरेसे कारण मिळते असे वाटत नाही. आगमनाचा काळ मागे जाण्याची शक्यता मात्र उघडी राहते. कोरड्या टेकड्यांवर सीताफळ आज स्वतःहून उगवते, आणि अस्वले व माकडे त्याची फळे खातात.

देशी बाभूळ व वेडी (विलायती) बाभूळ यांत दुरून गोंधळ होतो. बाभळीची फुले पिवळ्या धमक गोळ्यांची व शेंग माळेसारखी मण्यामण्यांची. वेडीची फुले लांबट कणसांत व शेंग सलग. पांढुरक्या सालीचा हिवर देशी आहे.

रोपे फुलतात तेव्हाच पाहणाऱ्याला रानात जाता येत नाही, ही या अभ्यासातील मोठी अडचण. ताडोबाच्या गाभा क्षेत्राचा भाग १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांस बंद असतो. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली अभयारण्यातून परवानगीविना वनस्पती तोडून नेता येत नाही. ओळख त्यामुळे छायाचित्रांवर अवलंबून राहते, आणि छायाचित्र फुलाचे काढले जाते. पानाची मागची बाजू, खोडाचा छेद, देठाजवळील ग्रंथी व फळ यांचे चित्र नसेल तर वर सांगितलेला एकही निर्णय देता येत नाही. चुरगाळलेल्या पानाचा वास व चीक यांची नोंद जागेवरच लिहून ठेवावी.

पूर्व विदर्भात, भंडारा व गोंदियाच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या काठी बेशरम ही अमेरिकी आयपोमिया दाट माजते. पाण्यावर पसरणारी नाळीची भाजी तिचीच देशी नातलग : दोघींना नरसाळ्यासारखी फिकट जांभळट फुले व चीक असतो, पण नाळी पोकळ देठाची वेल आहे व बेशरम ताठ उभे झुडूप. बेशरम व जलपर्णी वाढल्यास देवधान (रानटी भात), कमळ, शिंगाडा यांची जागा जाते. गवतांपैकी कुसळी, मारवेल, शेडा व मेळघाटातील रोशा ही देशी असून ती तुऱ्यावरून ओळखावी लागतात.