लढाईचे न छापलेले नियम: पोकेमॉनमधल्या चाचण्यांची पार्श्वभूमी

२७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये गेम बॉयवर पोकेमॉनचे रेड आणि ग्रीन हे दोन खेळ आले. सातोशी ताजिरी यांच्या गेम फ्रीक कंपनीने ते बनवले होते. पोकेमॉन नावाचे काल्पनिक प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि लिंक केबलने दोन गेम बॉय जोडून मित्राशी लढायचं. लढताना पडद्यावर दिसे ते फार थोडं: मूव्हचं, म्हणजे पोकेमॉनने टाकलेल्या डावाचं, नाव, आरोग्याची पट्टी, मधूनच ‘क्रिटिकल हिट’, म्हणजे नेहमीपेक्षा जोरदार फटका, झाल्याचा संदेश. आतला हिशेब कुठेच छापलेला नव्हता. या लढाईचे नियम म्हणून आज जे काही लिहिलेलं सापडतं, त्याचा फार मोठा भाग खेळणाऱ्यांनी मोजून, नोंदी ठेवून आणि एकमेकांच्या नोंदी पडताळून उभा केला आहे. खेळाच्या इतिहासात या कामाला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही, असं मला मनापासून वाटतं.

मोजायचं कसं, हीच पहिली अडचण. समोरच्या पोकेमॉनचं आरोग्य फक्त पट्टीत दिसायचं आणि ती पट्टी जेमतेम ४८ पिक्सेल रुंद. त्यावरून नेमका फटका कळत नाही. स्वतःच्या पोकेमॉनचं आरोग्य मात्र आकड्यात दिसतं. म्हणून चाचणी करणाऱ्याने फटका आपल्या अंगावर घ्यायचा: लेव्हल ठाऊक, दोन्हीकडचे स्टॅट, म्हणजे ताकद-बचावाचे आकडे, ठाऊक, मूव्ह तीच आणि दर टर्नला, म्हणजे पाळीला, किती आरोग्य गेलं याची नोंद. तरीही आकडा दरवेळी वेगळा येतो, कारण पहिल्या पिढीत, म्हणजे रेड-ग्रीनच्या काळात, खेळ शेवटी २१७ ते २५५ यांमधली एक यादृच्छिक संख्या घेऊन डॅमेजला, म्हणजे फटक्याने होणाऱ्या नुकसानीला, तिने गुणतो आणि २५५ने भागतो. म्हणजे एकाच फटक्याला ३९ गुणक. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा हाती लागेपर्यंत मारत राहायचं आणि मग सूत्र त्या दोन टोकांत बसतं का ते बघायचं. तिसऱ्या पिढीपासून हा पल्ला ८५ ते १०० टक्के, म्हणजे १६ गुणकांवर आला. त्याने काम बरंच सुटसुटीत झालं.

सगळ्यांत गाजलेला शोध म्हणजे १/२५६ची चूक. १०० टक्के अचूक म्हणून दिलेली मूव्ह पहिल्या पिढीत क्वचित चुकते. गेम बॉयचा प्रोसेसर ८ बिटचा. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढंच मावतं, म्हणून १०० टक्के हे २५५ असं साठवलेलं असतं. खेळ ० ते २५५ मधली एक संख्या काढतो आणि ती अचूकतेपेक्षा लहान असेल तरच फटका लागला असं धरतो. संख्या नेमकी २५५ आली की २५५ काही २५५पेक्षा लहान नाही, आणि मूव्ह हुकते. स्विफ्टसारखी मूव्ह यातून सुटते, कारण तिच्यासाठी अचूकतेची तपासणीच होत नाही.

हे कोड न बघता सिद्ध करायला किती चिकाटी लागेल, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. २५६ वेळा मारून एकदाही चुकलं नाही, तर चूक नाहीच असं म्हणता येईल का? मुळीच नाही. चूक असूनही सलग २५६ फटके लागण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के आहे. ती ५ टक्क्यांखाली आणायला साधारण ७६६ फटके लागतात. शिवाय हुकल्याचं कारण समोरच्याने वाढवलेली चुकवण्याची क्षमता नव्हती, आपली घटलेली अचूकता नव्हती, हेही दाखवावं लागतं. एवढं करून हाती एक ‘नाही’ येतो, आणि तोही संशयासकट.

फोकस एनर्जीची गोष्ट त्याहून चमत्कारिक. ही मूव्ह क्रिटिकल हिटची शक्यता वाढवण्यासाठी आहे. पहिल्या पिढीत ती उलट चौथ्या हिश्श्यावर आणते. त्या पिढीत क्रिटिकल हिट पोकेमॉनच्या मूळ वेगावर ठरतो. सायथर या पोकेमॉनचा मूळ वेग १०५, म्हणून साध्या मूव्हला त्याची शक्यता २५६त ५२, सुमारे २० टक्के. फोकस एनर्जी वापरली की ती २५६त १३, म्हणजे ५ टक्के. स्लॅश ही तर क्रिटिकलसाठीच ओळखली जाणारी मूव्ह. सायथरच्या हातात ती जवळजवळ दरवेळी क्रिटिकल होते. फोकस एनर्जीनंतर शक्यता ४१ टक्क्यांच्या आसपास घसरते. वाढवायच्या जागी घटवण्याची एक सूचना कोडमध्ये गेली, एवढंच कारण. मूव्हचा हेतू ठाऊक असला की डोळे तेच शोधतात, म्हणून असा दोष मोजल्याशिवाय दिसत नाही.

गेम फ्रीकमध्ये ही लढाईची यंत्रणा लिहिली शिगेकी मोरिमोतो यांनी. १९९८मध्ये ती निन्टेन्डो ६४वर स्टेडियम या खेळात न्यायची होती. तेव्हा एचएएल लॅबोरेटरीचे अध्यक्ष असलेले सातोरु इवाता यांनी संदर्भाची कागदपत्रं हाताशी नसताना गेम बॉयचं मूळ कोड वाचलं आणि सुमारे आठवड्याभरात लढाई चालती केली. हा कसला कंपनीचा अध्यक्ष, असं मोरिमोतो यांना वाटल्याचं त्यांनी पुढे सांगितलं आहे. बाहेरच्या खेळणाऱ्यांना हे कोड वाचायला मिळायला बरीच वर्षं जावी लागली. स्टेडियममध्ये मात्र सगळं जसंच्या तसं राहिलं नाही. फोकस एनर्जी दुरुस्त झाली. गेम बॉयवर हायपर बीम या, एरवी पुढची टर्न थांबायला लावणाऱ्या, मूव्हने समोरचा बाद झाला की थांबावं लागत नसे, स्टेडियममध्ये थांबावंच लागतं. एकाच पिढीचे दोन वेगळे नियम झाले आणि चाचणी कोणत्या यंत्रावर केली हे सांगणं अपरिहार्य झालं.

१९९९च्या गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये, म्हणजे दुसऱ्या पिढीत, नव्या गोष्टी आल्या, नवे दोषही आले. माझा आवडता दोष मॅरोवॅक या पोकेमॉनचा. थिक क्लब हे हाड धरलं की त्याचा अटॅक, म्हणजे माराची ताकद, दुप्पट होतो. १०० लेव्हलला त्याचा जास्तीत जास्त अटॅक २५८. सोर्ड्‌स डान्स या मूव्हने दुप्पट आणि हाडाने पुन्हा दुप्पट, म्हणजे १०३२. डॅमेज काढताना मोठी संख्या ४ने भागून एका बाइटमध्ये बसवली जाते. १०३२ भागिले ४ म्हणजे २५८. बाइटमध्ये २५५च्या पुढे जागा नाही, म्हणून मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते आणि उरतात २. लिंक केबलच्या लढाईत सर्वांत ताकदवान मॅरोवॅकचा फटका असा मुळमुळीत होतो. त्यावरचा तोडगा खेळणाऱ्यांनी शोधला. अटॅकची जन्मजात देणगी ० ते १५ मध्ये असते. १५ऐवजी १३ची देणगी असलेला मॅरोवॅक घ्यायचा. त्याचा अटॅक २५४, चौपट १०१६, आणि सगळं बसतं. १४ चालत नाही, कारण २५६ची चौपट नेमकी १०२४ होते.

२००२च्या रुबी आणि सफायरने, म्हणजे तिसऱ्या पिढीने, हिशेब नव्याने मांडला. जन्मजात देणगीची मूल्यं ० ते ३१ झाली, लढून कमावलेल्या गुणांना एकूण ५१०ची मर्यादा आली. खेळ हे आकडे दाखवत नव्हता. स्टॅटवरून उलट गणित करून ते काढावे लागत. पुढे प्लॅटिनम या खेळात एक पात्र जन्मजात मूल्यांबद्दल मोघम शब्दांत मत देऊ लागलं, आणि कमावलेले गुण पडद्यावर दिसायला २०१३चे एक्स आणि वाय यावे लागले.

दरम्यान संगणकावर लढाईचे सिम्युलेटर, म्हणजे फक्त लढाईची नक्कल करणारे प्रोग्राम, आले: नेटबॅटल, शॉडी बॅटल आणि २०११पासून पोकेमॉन शोडाउन. आपल्याकडे गेम बॉय फार थोड्या घरांत होता. पुष्कळांनी हे खेळ एम्युलेटरवर, म्हणजे संगणकाला गेम बॉयसारखं चालवणाऱ्या प्रोग्रामवर, खेळले आणि माणसाशी लढायला सिम्युलेटर गाठला. सिम्युलेटरने चाचण्यांची गरज वाढवली, कारण आता प्रत्येक नियम कोडमध्ये लिहावा लागत होता आणि अंदाजावर भागत नव्हतं. गुणाकारानंतर अपूर्णांक कुठे सोडायचा, यावर पोकेमॉन एका आरोग्यबिंदूने वाचतो किंवा जातो. लाइफ ऑर्ब या फटका वाढवणाऱ्या वस्तूचा गुणक १.३ म्हणून सांगितला जातो. पाचव्या पिढीपासून खेळात तो ५३२४/४०९६ असतो, म्हणजे १.३हून किंचित कमी.

नंतर जुन्या कार्ट्रिजचं, म्हणजे खेळ साठवलेल्या डबीचं, यंत्रकोड उलगडून वाचनीय रूपात मांडण्याचे प्रकल्प उभे राहिले आणि पहिल्या दोन पिढ्यांचे बहुतेक वाद मिटले. नव्या खेळांत ती सोय नाही. मूव्हच्या ताकदीचे तक्ते फाइलींतून काढता येतात, पण एका टर्नमध्ये आधी काय घडतं हे लढूनच बघावं लागतं. २०१९च्या सोर्ड आणि शील्डमध्ये वेग बदलला की उरलेल्या टर्नचा क्रम लगेच बदलू लागला. दुहेरी लढाईत एकाने आपल्या बाजूचा वेग वाढवणारी टेलविंड ही मूव्ह वापरावी आणि एरवी मागे पडणारा जोडीदार त्याच टर्नला प्रतिस्पर्ध्याच्या आधी खेळतो का ते पाहावं, एवढी सोपी ती चाचणी. आधीच्या पिढ्यांत हा क्रम टर्नच्या सुरुवातीलाच ठरलेला असे.

शोडाउनवर पहिल्या पिढीच्या लढाईत १/२५६ची चूक आजही आहे, फोकस एनर्जी आजही उलटी चालते. सिम्युलेटर आणि कार्ट्रिज यांच्यात फरक दिसला तर कार्ट्रिज खरं, हे त्यामागचं तत्त्व, आणि ते मला पूर्ण पटतं. अडचण येते सायवेव्हसारख्या मूव्हशी. लिंक केबलच्या लढाईत दोन्ही गेम बॉय आपापला हिशेब करतात. सायवेव्हचं डॅमेज ० आलं तर मारणाऱ्याचं यंत्र संख्या पुन्हा काढतं, समोरचं यंत्र मात्र ० तसाच धरतं, आणि तिथून दोन पडद्यांवर दोन वेगळ्या लढाया चालू होतात. यात कोणता पडदा खरा म्हणायचा हे ठरवायला कार्ट्रिजही उपयोगी पडत नाही. म्हणून अशी वेळ आली की ती मूव्ह फसली असं धरायचं, हा एक नियम खेळणाऱ्यांनी स्वतः घातला आहे.