तारीख ‘सुधारून’ पाठवू नका
(अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यू इंग्लंडमधल्या जुन्या इंग्रज घराण्यांची वंशावळ काढून घेणाऱ्यांसाठी)

सून किंवा जावई मॅसॅच्युसेट्सच्या जुन्या घराण्यातले, आणि नातवंडांसाठी दोन्हीकडची वंशावळ एका कागदावर हवी. आमच्याकडे मराठी मंडळी येतात ती बहुतेक याच कामासाठी. आपल्या बाजूचं त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत सापडतं; तिकडचं गावाच्या दप्तरात, चर्चच्या नोंदींत आणि मृत्युपत्रांत. कागद तुम्ही घरूनच जमवून आणता, त्यामुळे आमचं निम्मं काम हलकं होतं. फक्त तारखांना हात लावू नका.

जॉन हाउलंडचंच बघा. १६२० साली इंग्रज वसाहतकऱ्यांना अमेरिकेत आणणाऱ्या मेफ्लॉवर जहाजातून आलेला, वाटेत समुद्रात पडूनही दोर धरून वाचलेला. त्याचं मृत्युपत्र २९ मे १६७२ चं आणि मृत्यू २३ फेब्रुवारी १६७२ चा. मेल्यावर तीन महिन्यांनी मृत्युपत्र? तसं नाही. तेव्हा इंग्रजांचं वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे फेब्रुवारी वर्षाच्या शेवटी येई. पाडव्याआधी फाल्गुन येतो हे ज्यांना माहीत आहे, त्यांना यात अवघड काही नाही. आजच्या हिशेबाने तो १६७३ चा फेब्रुवारी. म्हणून जाणकार १६७२/७३ असं लिहितात.

घोटाळा होतो तो यादी टाइप करताना. ती तिरकी रेघ गळते. कुणी ७२ ठेवतो, कुणी ७३ करतो, आणि कुणी आधीच ७३ केलेल्यात आणखी एक वर्ष घालतो. एकदा आम्ही दोन दिवस एका धाकट्या भावाला शोधत बसलो होतो. तो थोरलाच निघाला, एक वर्ष पुढे सरकलेला. महिने आकड्यांत असले तर आणखी जपा: जुन्या नोंदींत ‘पहिला महिना’ म्हणजे मार्च आणि ‘बारावा’ म्हणजे फेब्रुवारी. १७५२ पासून वर्ष १ जानेवारीला सुरू होऊ लागलं, त्यानंतर ही कटकट नाही.

म्हणून आम्ही टाइप केलेली यादी घेत नाही, मूळ पानाचा फोटो मागतो. ‘एका रेघेसाठी अडवता?’ असं ऐकावं लागतं, ऐकतो. घराण्याच्या छापील पुस्तकालाही हाच नियम. हाउलंडची बायको एलिझाबेथ ही मेफ्लॉवरवाल्यांच्या वसाहतीचा पहिला गव्हर्नर कार्व्हर याची नात, असं पिढ्यानपिढ्या सांगत आले. त्याच्यानंतरचा गव्हर्नर ब्रॅडफर्ड याने वसाहतीचा इतिहास लिहून ठेवला होता; १८५५ मध्ये त्याचं हस्तलिखित लंडनमध्ये सापडलं, तेव्हा ती जॉन टिलीची मुलगी असल्याचं स्पष्ट झालं.

फोटोत पान पूर्ण येऊ द्या. वर्ष पुष्कळदा वर एकदाच लिहिलेलं असतं, खाली नुसते महिने. पहिली चार पानं आम्ही पैसे न घेता वाचून देतो, त्यापुढे तासावर आकारणी. पूर्वज मेफ्लॉवरने आलेला ठरला नाही, तरी शोधाचे पैसे द्यावे लागतात, हे आधीच सांगितलेलं बरं.