आरसा गेला, जुनी भिंगे परतली : मॅन्युअल टेलिफोटो लेन्समागची पार्श्वभूमी

हिवाळ्यात जायकवाडीच्या नाथसागराच्या काठावर पक्षी टिपायला येणाऱ्यांकडे अलीकडे एक विजोड वाटणारी जोडणी दिसते: कॅमेरा अगदी नव्या पिढीचा, मिररलेस (आत आरसा नसलेला), आणि त्याच्या पुढे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची, धातूच्या नळीची, हाताने कडे फिरवून फोकस करायची लेन्स. याकडे कोणी हौस म्हणून पाहतो, कोणी काटकसर म्हणून, आणि दोन्ही कारणे खरीच आहेत. परंतु हौस आणि काटकसर २००५ सालीही होतीच, आणि तेव्हा याच लेन्स स्टुडिओंच्या कपाटांत धूळ खात पडल्या होत्या. मधल्या काळात लेन्समध्ये काहीही बदल झालेला नाही. बदलले ते कॅमेऱ्याच्या तोंडापासून सेन्सरपर्यंतचे काही मिलिमीटरांचे अंतर. जुन्या टेलिफोटो लेन्सच्या जाण्या-येण्याची कथा बव्हंशी या अंतराची कथा आहे.

दूरची वस्तू मोठी दिसावी यासाठी नाभीय अंतर (लेन्सच्या नावातला मिलिमीटरांचा आकडा तो हाच) जास्त असलेले भिंग लागते, हे छायाचित्रणाच्या आरंभापासून ठाऊक होते. अडचण अशी की साध्या रचनेत नाभीय अंतर जितके, जवळपास तितकीच कॅमेऱ्याची लांबी ठेवावी लागे. यावरचा उपाय १८९१ साली लंडनमध्ये थॉमस रुडॉल्फस डालमायर, म्युनिकमध्ये अ‍ॅडॉल्फ स्टाइनहाइल आणि जर्मनीतल्याच अ‍ॅडॉल्फ मीथे या तिघांनी स्वतंत्रपणे मांडला. पुढे किरण एकत्र आणणारा भिंगांचा गट आणि मागे ते किंचित पसरवणारा गट अशी मांडणी केली, की लेन्सची प्रत्यक्ष लांबी तिच्या नाभीय अंतरापेक्षा कमी ठेवता येते. काटेकोर अर्थाने टेलिफोटो म्हणतात ते या रचनेला. नुसत्या लांब लेन्सलाही बाजारात तेच नाव पडले. त्याच सुमारास निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाल वेरूळची लेणी टिपत होते. त्यांच्या काळात मोठ्या काचेच्या प्लेटा, तिपाई आणि स्थिर वास्तू हेच साहित्य होते, आणि अंतर मिटवायचे म्हणजे कॅमेरा उचलून वस्तूच्या जवळ नेणे एवढाच व्यवहार्य मार्ग होता.

टेलिफोटो हातात धरण्याजोगी झाली ती ३५ मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्यांमुळे. मात्र १९३० च्या दशकातील लायका आणि कॉन्टॅक्स हे कॅमेरे रेंजफाइंडरचे होते. फोकस पाहण्याची खिडकी लेन्सपासून वेगळी, आणि दोहोंचा मेळ यांत्रिक जोडणीने घातलेला. नाभीय अंतर वाढते तशी या जोडणीतील बारीकशी चूकही चित्रात उघडी पडते, आणि १३५ मिलिमीटरच्या पुढे रेंजफाइंडरवर विसंबता येत नाही. म्हणून १३५ हा आकडा सर्वत्र रुजला. पुढे रेंजफाइंडर मागे पडले तरी कारखान्यांची सवय टिकली. जुन्या किटमध्ये हमखास सापडणारी आणि आजही सर्वांत स्वस्त मिळणारी टेलिफोटो १३५ चीच असते, यामागे हे कारण आहे. त्याहून लांब जायचे तर लेन्समधून थेट पाहणे भाग होते. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या निमित्ताने कार्ल झाइसने आणलेली १८० मिलिमीटर, एफ २.८ ची ऑलिंपिया सोन्नार पुढे आरशाच्या स्वतंत्र पेटीला जोडून वापरली जाऊ लागली, ती याच गरजेतून.

तो आरसा कॅमेऱ्यातच बसवला, की एसएलआर तयार होतो. लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून वरच्या पडद्यावर जातो, छायाचित्रकार नेमके तेच चित्र पाहतो, आणि शटर दाबताच आरसा वर उचलला जातो. ड्रेस्डेनचा किने एक्झाक्टा १९३६ चा; १९४९ च्या कॉन्टॅक्स एसबरोबर ४२ मिलिमीटर व्यासाचा, १ मिलिमीटर पेचाचा स्क्रू माउंट (लेन्स कॅमेऱ्याला जोडण्याची बैठक) आला आणि एम ४२ या नावाने जगभर पसरला. जपानच्या असाही कंपनीने १९५७ च्या पेंटॅक्ससाठी तोच घेतला, पुढे प्राक्टिका, झेनिट, चिनॉन, फुजिका असे कितीतरी कॅमेरे त्यावर चालले. ज्या काळात प्रत्येक कंपनी आपला माउंट दुसऱ्याला लागू नये याची काळजी घेत होती, त्या काळात एका साध्या आट्याने पूर्व जर्मनी, सोव्हिएत संघ आणि जपान एकत्र बांधले होते, याचे मला आजही नवल वाटते. १९५७ सालीच टॅमरॉन (तेव्हाची ताइसेई) कंपनीने टी-माउंट काढला. त्यात लेन्स एकच राहते आणि कॅमेऱ्याप्रमाणे मागचे कडे तेवढे बदलते. आजच्या अ‍ॅडॅप्टरची कल्पना तेथे पूर्णपणे दिसते.

सोव्हिएत कारखान्यांनी या काळात दोन वेगळ्या वाटा घेतल्या. बंदुकीसारख्या दस्त्यावर ३०० मिलिमीटरची तायर-३ लेन्स बसवलेला फोटोस्नायपर संच ही एक. दिमित्री माक्सुतोव्ह यांच्या रचनेवरील एमटीओ मालिका ही दुसरी. एमटीओत प्रकाश आत दोनदा आरशांवरून परावर्तित होऊन येतो, त्यामुळे ५०० मिलिमीटरची लेन्स बरीच आखूड होते. ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचे छिद्र) मात्र कायमचे ठरलेले, आणि मागील पानांतून चमकणारा उजेड चित्रात पोकळ कड्यांच्या रूपाने उमटतो. ही कडी काहींना आवडतात. मला ती पक्ष्यावरून नजर हटवणारी वाटतात.

भारतात ही साधने सहज मिळत नव्हती. परकीय चलनाची टंचाई, आयात परवाने आणि जबर जकात यांमुळे जपानी एसएलआर ही १९९१ पूर्वी चैनीची वस्तू होती. सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपीय देशांशी व्यापार रुपयांत होत असल्याने तिकडच्या मालाला तुलनेने वाट मोकळी होती. उरलेला माल आखातातून किंवा अमेरिकेतून परतणाऱ्या नातेवाइकांच्या सामानातून येई. मराठवाड्यातील स्टुडिओंचा धंदा लग्नकार्य आणि पासपोर्ट फोटोवर चाले, आणि त्याला २०० किंवा ३०० मिलिमीटरची गरजच नसे. १३५ ची एखादी लेन्स मंडपातील गर्दीतून नवरा-नवरी वेगळे टिपायला पुरे. या भागात लांब पल्ल्याच्या लेन्सला खरा विषय दिला तो जायकवाडीने. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झालेले हे सुमारे १० किलोमीटर लांबीचे धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले, गोदावरीचे पाणी उथळ आणि विस्तीर्ण पसरले, आणि दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुलखात रोहित, पट्टकादंब, चक्रवाक असे पाहुणे पक्षी उतरू लागले. १९८६ मध्ये तेथे पक्षी अभयारण्य घोषित झाले. काठ सपाट, आडोसा जवळपास नाही, आणि पक्षी चिखलाच्या पट्ट्यापलीकडे: अशा ठिकाणी ५० मिलिमीटरच्या लेन्सने पाण्याचे चित्र मिळते, पक्ष्याचे नव्हे. बीड जिल्ह्यातील नायगावच्या मयूर अभयारण्यात किंवा शिवारातल्या काळविटांपुढेही तीच गत असते.

पण अभयारण्य घोषित झाले त्याच वेळी जगात या लेन्सचा काळ संपत आला होता. १९८५ मध्ये मिनोल्टाने कॅमेऱ्यातच ऑटोफोकस बसवलेला ७००० हा एसएलआर आणला आणि त्यासाठी जुना माउंट सोडला. १९८७ मध्ये कॅननने ईओएस मालिका सुरू करताना आपला जुना एफडी माउंट सोडून दिला. एफडीत तोवर उत्कृष्ट टेलिफोटो तयार झाल्या होत्या. कृत्रिम फ्लुओराइटचे भिंग वापरणारी ३०० मिलिमीटरची लेन्स कॅननने १९६९ मध्येच, एफडीच्याही आधीच्या माउंटवर आणली होती. फ्लुओराइट असो की निकॉनची ईडी काच, दोहोंचा हेतू एकच: लांब लेन्समध्ये लाल-निळे किरण एकाच प्रतलात आणून कडांवरील रंगीत झालर घालवणे. निकॉन आणि पेंटॅक्स यांनी आपापले माउंट टिकवले, तरी ग्राहकांचे लक्ष हाताने फोकस करण्यावरून उडाले ते उडालेच.

डिजिटल एसएलआर आले तेव्हा जुन्या लेन्स पुन्हा वापरात येतील अशी आशा होती, आणि ती अंतराने अडवली. प्रत्येक माउंटला लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंतचे ठरीव अंतर असते: निकॉन एफ ४६.५ मिलिमीटर, एम ४२ आणि पेंटॅक्स के ४५.४६, कॅनन ईओएस ४४, मिनोल्टाचा जुना माउंट ४३.५, कॅनन एफडी ४२. लेन्सचे अंतर कॅमेऱ्याच्या अंतरापेक्षा जास्त असेल, तर मधल्या फरकाएवढ्या जाडीचे कडे बसवले की काम भागते. निकॉनची लेन्स कॅनन ईओएसवर २.५ मिलिमीटरच्या कड्याने आणि एम ४२ ची १.४६ मिलिमीटरच्या कड्याने नीट बसते. उलट असेल तर लेन्स सेन्सरपासून नको तितकी दूर राहते आणि अनंतावर, म्हणजे फार दूरच्या वस्तूवर, फोकस होत नाही. एम ४२ ची २०० मिलिमीटर लेन्स निकॉनच्या डिजिटल एसएलआरवर लावली, तर फरक अवघा १.०४ मिलिमीटर, पण त्याने फोकसची शेवटची हद्द सुमारे ३८ मीटरवर येते, आणि अ‍ॅडॅप्टरची स्वतःची जाडी धरली तर त्याहून अलीकडे. अंगणातल्या बुलबुलाला हे चालेल. नाथसागरावरच्या रोहितांना नाही. एफडीची २०० मिलिमीटर लेन्स ईओएसवर लावली तर तीच हद्द २० मीटरच्या आसपास. मधे सुधारक भिंग असलेले अ‍ॅडॅप्टर मिळत, पण त्यातले स्वस्त अ‍ॅडॅप्टर चित्राची धारच बोथट करत आणि लेन्सचा सारा गुण खाऊन टाकत.

माउंट जुळला तरी दुसरी अडचण उरे. जुन्या एसएलआरच्या पडद्यावर मध्यभागी दुभंगलेल्या प्रतिमेचे वर्तुळ असे आणि दोन अर्धी जुळली की फोकस लागला हे निःसंशय कळे. ऑटोफोकसच्या काळातील पडद्यांतून ते वर्तुळ काढून टाकण्यात आले. निकॉनमध्ये आणखी एक गंमत होती. २००५ चा डी २०० जुन्या एआय (१९७७ पासूनच्या) लेन्सवर प्रकाशमापन करी, तर पुढच्या वर्षीचा स्वस्त डी ४० ती लेन्स बसवून घेई पण मापन करत नसे. मात्र १९७७ पूर्वीची, बदल न केलेली लेन्स डी ४० वर निर्धोक बसे आणि डी २०० वर लावताना कॅमेऱ्याच्या कडेची पट्टी मोडण्याची भीती असे. अशा तपशिलांची वही बाळगणारा एखादा जाणकार प्रत्येक गावात असे, आणि जुनी लेन्स घेण्याआधी त्याला विचारावे लागे.

२००८ मध्ये पॅनासॉनिकच्या जी १ ने आरसा काढून टाकला. आरशासाठी राखलेली जागा मोकळी झाल्याने बैठकीपासून सेन्सरचे अंतर १९.२५ मिलिमीटरवर आले. २०१० च्या सोनी नेक्समध्ये ते १८, २०१८ च्या निकॉन झेडमध्ये १६, कॅनन आरएफमध्ये २०. याचा अर्थ एसएलआरच्या काळातील प्रत्येक लेन्सला आता मधे दोन सेंटिमीटरांहून अधिक जागा मिळाली. दोन दशकांहून अधिक काळ अनाथ असलेल्या एफडीला सोनीवर २४ मिलिमीटरची पोकळ नळी पुरली, आत कोणतेही भिंग नको. जी १ आणि नेक्स यांचे सेन्सर ३५ मिलिमीटर फिल्मपेक्षा लहान होते, त्यामुळे लेन्सच्या चित्राचा मधला भाग तेवढा वापरला जाई. दृश्याचा आवाका पाहता नेक्सवर २०० मिलिमीटरची लेन्स ३०० सारखी आणि जी १ वर ४०० सारखी भासते. पक्षी टिपणाऱ्याला हा तोटा नसून फायदाच आहे, शिवाय जुन्या लेन्सच्या कमजोर कडा आपोआप कापल्या जातात. पूर्ण आकाराचा सेन्सर २०१३ च्या सोनी ए ७ बरोबर आला आणि तेव्हापासून चांगल्या एफडी टेलिफोटोंच्या किमती चढू लागल्या.

फोकसचा प्रश्नही याच बदलाने सुटला, कारण आता पाहणे थेट सेन्सरवरून होऊ लागले. चित्राचा हवा तो भाग पाच-दहा पट मोठा करून डोळ्याची बाहुली पाहता येते, आणि २०११ च्या सुमारास नेक्समध्ये आलेल्या फोकस पीकिंगमध्ये धारदार कडा रंगाने उजळतात. पीकिंगवर फार विसंबू नये. उथळ फोकसमध्ये ते आजूबाजूच्या गवतालाही आनंदाने रंगवते. हाताच्या थरथरीचे काम कॅमेऱ्याच्या अंगातील स्थिरीकरणाने हलके केले. कोनिका मिनोल्टा आणि पेंटॅक्स यांनी ते डिजिटल एसएलआरमध्येच आणले होते, २०१२ चा ऑलिंपस ई-एम ५ आणि त्यानंतर सोनी ए ७ टू यांनी ते मिररलेसमध्ये रुळवले. जुनी लेन्स आपले नाभीय अंतर कॅमेऱ्याला सांगू शकत नाही, म्हणून ते मेनूत स्वतः भरावे लागते, आणि लेन्स नसतानाही शटर सोडण्याची परवानगी चालू ठेवावी लागते. या दोन गोष्टी न केल्याने जुनी लेन्स बिघडली असे समजून ती परत करणारे बरेच आहेत.

लेन्सच्या मूळ उणिवा मात्र तशाच राहिल्या, आणि काही सेन्सरने वाढवल्या. सेन्सरवरील काच फिल्मपेक्षा चकचकीत असल्याने प्रकाश मागच्या भिंगावर परत जातो. एकेरी लेपाच्या जुन्या लेन्समध्ये त्यामुळे चित्र फिके पडते, तर १९७१ नंतरच्या असाहीच्या बहुलेपी लेन्स बऱ्याच सावरतात. पांढऱ्या बगळ्याच्या कडेला जांभळी झालर येते, ती ॲपर्चर एक-दोन घरे बंद केल्यावर कमी होते, पूर्ण जात नाही. उडता पक्षी टिपण्यात आजच्या ऑटोफोकसशी बरोबरी करण्याचा विचारच सोडावा. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्याच्या तापलेल्या जमिनीवर हवा लहरते, तेव्हा नवी महागडी लेन्सही दूरचे चित्र विरघळवते आणि जुन्या-नव्यातला फरक उरत नाही. लांब लेन्सचे काम येथे पहाटे, आणि शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत.

येथील कोरड्या हवेचा एक लाभ असा की कोकणाच्या मानाने भिंगांवर बुरशी कमी धरते, तरी पावसाळ्यात चामड्याच्या पेटीत बंद ठेवलेली लेन्स हमखास बुरसते. उन्हाळ्यात आतले ग्रीस पातळ होऊन ॲपर्चरच्या पात्यांवर उतरते आणि पाती चिकटतात. मॅन्युअल लेन्स घेताना टॉर्चने भिंगे पाहण्याबरोबरच ॲपर्चरचे कडे वरपासून खालपर्यंत फिरवून पाती चटकन हलतात की नाही हे पाहिले पाहिजे. ग्रीस बदलून पेच स्वच्छ करणारे कारागीर संभाजीनगर, नांदेड, लातूरसारख्या शहरांतही आता मोजकेच राहिले आहेत, आणि त्यांचा मेहनताना धरला तर स्वस्त म्हणून घेतलेल्या १३५ पेक्षा नीट ठेवलेली २०० मिलिमीटर, एफ ४ ची लेन्स बहुधा परवडते.